हातचा घालवलेला पोरगा

चर्चच्या दालनात रविवारचं जेवण चालू होतं आणि ट्रॅक्टरवाल्या रॉयसनं गावच्या कॉलेजच्या फुटबॉल कोच ओडमची सालटी काढायला घेतली होती.

"हाकला त्या ओडमला! अख्ख्या अलाबामात डेसमंडसारखा धावणारा पोरगा नाही. आपल्याच गल्लीतला! आणि ह्या शहाण्यानं तो हातचा घालवला. ह्याला काय खेळाडू निवडणं म्हणायचं?"

भोवतीच्या माना डोलल्या. डेसमंडची आई व्हर्लीन तळलेल्या माशांचं ताट घेऊन मागेच उभी होती. तिनंच कोचला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि तो बिचारा शिव्या खात गप्प राहिला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ताट रॉयससमोर दाणकन आदळलं.

"कोच माझ्या घरी दोनदा आला, रॉयस. एकदा पोराला मागायला. दुसऱ्यांदा कॉलेजच्या डॉक्टरला घेऊन. पोराच्या हृदयात दोष निघालाय. कोच म्हणाला, 'व्हर्लीनबाई, ह्याला कुणाकडेच खेळू देऊ नका. मैदानातच जाईल.'"

रॉयस चाचरला. "पण ते दुसरं मोठं कॉलेज... त्यांचा कोच तर अजून तुझ्या दारात येतो म्हणे."

"येतो ना! त्यालाही सगळं सांगितलं. म्हणाला, 'एखादा मोसम तरी निघेल की!' तसला कोच हवाय ना तुला?"

रॉयसनं हळू आवाजात विचारलं, "मग डेसमंड आता खेळणार कुठं?"

"कुठंच नाही," व्हर्लीन म्हणाली. "जगणार आहे तो."