पाचवं वचन

"सुहासिनीबाई, आजचं वाचन दुसऱ्या कुणाला देऊ का?" चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. मोटरसायकलच्या अपघातानंतर माझा मुलगा विनीत सहा दिवस आयसीयूत बेशुद्ध होता.

"नको. पण फळ्यावर लिहिलेलं आजचं स्तुतीचं स्तोत्र मी वाचणार नाही. तेरावं वाचेन."

त्यांनी फळ्यावरचा आकडा बदलला. तेरावं म्हणजे देवाकडे सरळसरळ तक्रार.

आमच्या चर्चमध्ये स्तोत्रातलं एक वचन, म्हणजे ओळ, वाचणारा म्हणतो, पुढचं जमलेली मंडळी. देव मला विसरला का, हे मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. मंडळी दबक्या आवाजात साथ देत राहिली. पाचवं वचन माझ्या वाट्याचं होतं, देवावरच्या भरवशाचं. मी थांबले. खोटं कसं बोलू? सगळे माझ्याकडे बघत होते.

मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. नातवाला मोटरसायकल मी घेऊन दिली म्हणून सहा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण स्तोत्रं पाठ. माझं वचन त्यांनी खणखणीत म्हटलं.

सहावं, देवाला गाणं गाण्याचं, मंडळीचं होतं. पण मंडळीने सुरुवात करायच्या आत सासूबाईंकडे बघत ते मी म्हटलं.