नाय म्हणजे नाय

कसालचा दत्तप्रसाद कोरियात इंग्रजीचा मास्तर झाला. त्याची एकच खोड होती. घाबरला की त्याचं इंग्रजी पळून जायचं आणि तोंडातून नुसतं मालवणी यायचं.

मुख्याध्यापकांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, शनिवारीही वर्ग घेणार का? "नाय!" मुख्याध्यापकांनी कमरेत वाकून आभार मानले आणि शनिवार गळ्यात घातला. स्नेहसंमेलनात नाचणार का? "नाय, नाय!" दुसऱ्या दिवशी शिंपी मापं घ्यायला हजर. मग ऐन चतुर्थीत मुलांचं शिबिर सांभाळणार का? दत्तप्रसाद रडकुंडीला येऊन ओरडला, "नाय ओ, नाय!" अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या.

शेवटी एका विद्यार्थिनीने उलगडा केला. कोरियनमध्ये 'ने' म्हणजे 'हो', आणि सरांचा 'नाय' सगळ्यांना 'ने'च ऐकू येत होता.

त्याने फोन करून आईला हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "मेल्या, असलो कसलो मास्तर तू! पण चतुर्थीक येतलस मां?"

"नाय गो आये."

आईचं हसू ओसरलं. मग हळूच म्हणाली, "ह्यो 'नाय' कोरियातलो मां रे?"