तीन सह्यांचं बदक

"सत्य हजारांच्या गर्दीतही लपून राहत नाही," दुर्बिणीला डोळा लावत मास्तर गंभीरपणे म्हणाले. दुर्बिणीचं झाकण काढायचं राहिलंय, हे त्यांच्या साडूंनी लक्षात आणून दिलं.

तळ्यावर चार-पाच हजार करडी बदकं होती. रविवारची फेरी चिटणिसाची, आणि पक्षीमंडळाचे चिटणीस मास्तरच. या गर्दीत लाल छातीचं एक बदक आहे, असं त्यांनी गेल्या रविवारी फोनवर कळवलं होतं. तसलं बदक इथं तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. पण मंडळाचा नियम कडक होता. आणखी तिघांनी पाहून वहीत सही केली तरच नोंद पक्की. नाहीतर नावापुढे तांबड्या शाईत कायमचा शेरा : 'भरवशाचा नाही'. असे शेरे आजवर मास्तरांनीच मारले होते, तेही मोठ्या हौसेनं.

झाकण निघाल्यावर, सकाळी सहापासून अकरापर्यंत त्यांनी तळं तीनदा विंचरून काढलं. कुठं लाल दिसलं की जीव भांड्यात पडे, आणि ती पाण्यावरची पिशवी निघे. मान आखडली, डोळे गळायला लागले, पण दुर्बीण सुटेना.

साडू दातांचे डॉक्टर. घडीच्या खुर्चीत रेलून ते म्हणाले, "साडूभाऊ, बत्तिसात कीड शोधणं त्या मानानं सोपं असतं हो."

मास्तरांनी फक्त दात खाल्ले.

अध्यक्ष मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं. बाराला वही मिटणार, असं त्यांनी बजावलं. वहीचा निकाल लागल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत, हाही नियमच होता.

बाराला दहा कमी असताना मंडळाच्या रोखपालांनी घसा खाकरून दिसल्याचं सांगितलं आणि सही केली. लगोलग त्यांच्या बायकोलाही दिसलं. उरली एक सही. सगळे साडूंकडे पाहू लागले. साडू उठले, दुर्बिणीत बराच वेळ पाहत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "छाती चांगली लालभडक आहे."

तिसरी सही झाली. डब्यांची झाकणं वाजली. मेट्रनबाईंनी मास्तरांची पाठ थोपटली.

मास्तर सह्यांकडे बघतच राहिले. गेल्या रविवारी ते तळ्याकडे फिरकलेही नव्हते. दहापर्यंत डोक्यावरून पांघरूण ओढून झोपले होते. मग ते हळूच साडूंच्या कानाशी वाकले.

"कुठंय हो? मलाही जरा दाखवा ना."