गाडीचं वजन

गाडी पुन्हा नाल्यात गेली आणि मागे उभी असलेली पोरं हसली.

आप्पासाहेब गेम पार्लरच्या दारातच थांबले. क्लासमधून फोन आला म्हणून ते सकाळच्या एसटीने शिरूर अनंतपाळहून लातूरला आले होते. मेडिकलची 'नीट' परीक्षा चार महिन्यांवर आणि पुनम तीन आठवडे दुपारच्या टेस्टला गैरहजर. शोधायला लांब जावं लागलं नाही. क्लासच्या मागच्याच गल्लीत ही खोली होती. भिंतीवर टीव्ही, टेबलाला आवळलेलं खेळातलं स्टिअरिंग, खाली पेडल. आणि त्यापुढे त्यांची मुलगी.

"बघा," सोबत आलेले क्लासचे बसवराज सर म्हणाले. "आता तुम्हीच सांगा तिला."

आप्पासाहेबांची नजर स्टिअरिंगवरच होती. पंचवीस वर्षांत ते कुठल्याही स्टिअरिंगच्या इतक्या जवळ गेले नव्हते. एसटीतसुद्धा ते मागच्या बाकावर बसत.

किल्लारीच्या बाजूला त्यांचं गाव होतं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, ढिगाऱ्यातून काढलेले चौदा जखमी टेम्पोत घालून त्यांनी लातूरचा रस्ता धरला. नाल्याकडच्या उतारावर वळण आलं. त्यांनी ब्रेक मारला, मागचं अंग घसरलं, टेम्पो उलटला. तिघं गेली. त्यात त्यांची आई होती. गाव तोंडावर बोललं, भूकंपानं सोडलं आणि आप्पासाहेबानं मारलं. तिथं ब्रेक मारायचा नसतो, हे ज्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती तेही सांगू लागले. आप्पासाहेब कुणाला काही बोलले नाहीत. बायकोला घेऊन सासुरवाडीला आले आणि शेती करू लागले. घरात हा विषय कधी निघाला नाही.

पुनमने त्यांना पाहिलं, पण ती उठली नाही.

"सर, अजून दहा मिनिटं लागतील."

"आत्ता उठली नाहीस तर नाव कमी करीन."

"करा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मागचा एक पोरगा आप्पासाहेबांच्या मदतीला आला. "काका, तिला ती दुसरी गेम घ्यायला सांगा ना. त्याच्यात लई भारी ड्रिफ्ट होते. कितीबी जोरात घाला, गाडी आडवी होऊन वळणातून निघून जाते. ही रोज हीच घेती अन् रोज गाडी पाडून बसती."

"त्या गेमात गाडीला वजनच न्हाई," पुनम म्हणाली. "हँडब्रेक ओढला की वळली. कशीबी चालवा, वाचतीच. हिच्यात चिखल लागला की टायर पकड सोडतंय. मागं वजन असलं की मागचं अंग बाहेर फेकतंय. ही खरी हाय."

तिने पुन्हा सुरू केलं. पडद्यावर पाऊस होता. मातीचा रस्ता, खाली जाणारा उतार, डावीकडे वळण, उजवीकडे नाला. तिने सगळ्यांत जड गाडी घेतली होती आणि मागे मावेल तितकं वजन चढवलं होतं. वळण जवळ आलं तसा आप्पासाहेबांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. पुनमने ब्रेक मारला, गाडीचं मागचं अंग सुटलं. गाडी नाल्यात गेली.

तिने परत सुरुवात केली. या वेळी ब्रेकला पाय लावला नाही, तरी गाडी नाल्यात गेली.

आप्पासाहेबांनी दाराची चौकट धरली. ते वळण त्यांनी ओळखलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"गावाकडच्या सरजाआत्यानं. ती तुमच्या टेम्पोत हुती ना? उतार कसा, वळण कुठं, कोण कुठं बसलेलं, समदं इचारून घेतलं अन् तसलंच वळण ह्या गेमात हुडकलं." तिने फिजिक्सची वही उलटी उघडून त्यांच्यापुढे धरली. मागच्या पानांवर ओळीच ओळी होत्या. वेग, गिअर, ब्रेक आणि शेवटी काय झालं ते. "चारशे बारा वेळा केलं."

बसवराज सरांनी वही घेऊन पानं चाळली. मग थोड्या नरमाईने म्हणाले, "पुनम, ही गेम आहे. गेमवरून काय सिद्ध होतं?"

"अन् गावानं कशावरून सिद्ध केलं हुतं, सर?"

सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली. मागची पोरं आता हसत नव्हती.

आप्पासाहेब पडद्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं जे कुणापुढे उच्चारलं नव्हतं ते हळूच बोलले, "म्या ब्रेक मारायला नगं हुता."

"मारून बघितला, आप्पा. न मारता बघितलं. हळू मारला, गिअर पाडला, नाल्याच्या उलट अंगाला घातली. चारशे बाराच्या चारशे बारा नाल्यात गेल्या, त्यातलं एकबी माणूस वाचलं नसतं." पुनम खुर्चीवरून उठली. "सरजाआत्या म्हनली, तुमचा टेम्पो रस्त्यावरच आडवा पडला हुता, नाल्यात गेलाच न्हाई. आप्पा, तिघं गेली त्याचं उत्तर तुमी पंचवीस वर्षं शोधत राहिलात. मी तीन आठवडे झाले शोधतीय, तुमी बाकीच्या अकरा जणांना वाचवलं कसं."