दुरुस्ती

रोवेनाला अखेर गळती सापडली. डोंगरातल्या नदीची पातळी मोजणारं यंत्र दर आठवड्याला अडकून पडायचं, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक मोजणीला थोडी मेमरी घ्यायचा आणि परत करायचाच नाही. मग तिच्या ऑफिसातल्या क्लाइव्हला होबार्टहून गाडी काढून जावं लागायचं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला. रोवेनाने ड्रायव्हरमध्ये राहून गेलेली एक ओळ घातली आणि यंत्र अखंड चालू लागलं.

"सुटलात, क्लाइव्ह! आता तो रस्ता नको नि ती कंबरदुखी नको."

"हो ना," क्लाइव्ह म्हणाला, पण हसला नाही.

हिवाळा सरता सरता पोलिसांचा फोन आला. यंत्राशेजारच्या एकुलत्या घरात म्हाताऱ्या मिसेस हॅगर्टी मेलेल्या सापडल्या होत्या. पाय घसरून पडल्या, आणि कित्येक दिवस तशाच पडून राहिल्या. तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

रोवेनाने हे क्लाइव्हला सांगितलं.

"मला थट्टाच वाटायची गं," तो म्हणाला. "दर खेपेला चहा ओतताना म्हणायची, तुमच्या त्या हुशार पोरीला सांगा, हे यंत्र एवढ्यात दुरुस्त करू नकोस म्हणावं."