कोरा खोका

"ही नको. थांब, मी कंपनीची घेऊन येतो," सनी म्हणाला, आणि बायकोच्या, मिनलच्या, हातातली थायरॉइडची गोळी तिथंच थांबली.

औषध आजच सुरू होत होतं, ही पहिलीच गोळी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं होतं, कंपनीचं नव्हे, म्हणून मिनलनं आकुर्डी स्टेशनजवळच्या जेनेरिक औषधांच्या दुकानातून ती आणली होती. कुठलीही घे, पण एक धरलीस की मनानं बदलू नकोस, बदललीस तर रक्त पुन्हा तपासावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गोळीनंतर अर्धा तास चहासुद्धा नाही.

सनीला काही पटत नव्हतं. त्यांचं पहिलं बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आताही तिसराच चालू होता. साध्या पाकिटातल्या गोळीचा काय भरवसा, हेच तो पुनःपुन्हा घोकत राहिला. माणूस घाबरला होता.

मिनलनं त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "पप्पांच्या स्कूटरला ब्रेकशू तूच बसवलेस ना?"

सनी चाकणला ब्रेकशूच्या कारखान्यात पॅकिंगवर होता. एकाच लाइनवरून, एकाच तपासणीतून आलेला माल. काही कंपनीचं नाव छापलेल्या खोक्यांत भरायचा, काही कोऱ्या. नावाचं काय घेऊन बसलात मामा, काडीचा फरक नाही, असं खालच्या मजल्यावरच्या सासऱ्यांना ठासून सांगत त्यानं कोऱ्या खोक्यातले बसवले होते.

"एकच माल आहे तो," सनी म्हणाला.

"आणि आपल्या गाडीला?"

स्वतःच्या गाडीला त्यानं छापील खोक्यातलेच लावले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्याची त्यालाच लाज वाटली.

मिनलनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली.

"चल, मला शाळेत सोड. पप्पांच्या स्कूटरवरून."

ती पाचवीच्या वर्गाला शिकवायची. शाळेच्या अलीकडच्या उतारावर पुढची बस अचानक थांबली. सनीनं ब्रेक दाबला. स्कूटर जागच्या जागी उभी राहिली. त्याच्या खांद्यावरचा मिनलचा हात जरासुद्धा आवळला नव्हता.

"अर्धा तास झाला," ती मागून म्हणाली. "आता चहा पाज."