दारातल्या चपला

मुलग्यांची ती कॅथलिक शाळा दाखवत फादर नव्या पालकांना प्रार्थनाघराच्या दाराशी घेऊन आले. "चला, आत बसू," म्हणाले. सारिका सगळ्यांत पुढे होती. तिनं सवयीनं चपला दारात काढल्या. आत जाऊन बघते तर मेणबत्त्या लावणाऱ्या बाईंच्या पायांत सँडल.

ती पहिल्याच बाकावर बसली आणि पाय साडीत ओढून घेतले. टाचांच्या भेगा कुणी पाहिल्या असतील का? मुलाखत तर अजून व्हायचीच होती. आपल्या अडाणीपणापायी लेकाचा प्रवेश जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. पांढरा पायघोळ झगा सावरत फादर अभ्यासाचं, शिस्तीचं सांगत होते. तिच्या कानात काही शिरत नव्हतं.

"काही विचारायचंय का, बाई?" फादरांनी नेमकं तिलाच विचारलं.

"नाही, फादर."

बोलणं संपताच ती घाईनं दाराशी गेली. तिच्या चपला दिसेनात. त्यांच्यावर बाकी सगळ्या पालकांच्या चपलाबुटांचा ढीग पडला होता.

मागून फादर आले. त्यांनी झगा जरा उचलला. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला होता.

"बाई, माझा डावा बूट दिसतोय का बघा जरा."